पोलिसांच्या गाडीनं ठोकलं तर दाद कुणाकडे मागायची? वाचकांचे प्रश्न, वकील ताईंची उत्तरं

या वेळी अपघात आणि पोलीस या एकाच विषयावर इतके मेसेज आले की वारसाहक्काचे आणि भाडेकराराचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका. नावं-गावं सगळ्यांची काढून टाकलीयेत. आणि हो, १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे (आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू आहेत म्हणून कलमांचे आकडे नवे दिलेत, जुने ज्यांच्या तोंडात बसलेत त्यांच्यासाठी मधे मधे तेही सांगतेय.

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ रात्री कामावरून बाईकवर येत होता, समोरून पोलिसांची गाडी राँग साईडने आली, ना सायरन ना लाल-निळा दिवा, सरळ धडक. पाय दोन ठिकाणी मोडलाय. गाडीतल्यांनीच त्याला दवाखान्यात टाकलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी एफआयआर बघतो तर "अज्ञात वाहनाने धडक दिली". वर आम्हालाच ऐकवतात की भावाकडे लायसन्स नव्हतं, केस केली तर तुमच्यावरच उलटेल. हेच जर माझ्या भावाने कुणाला ठोकलं असतं तर रात्रीच उचलला असता ना?

उचलला असता, बरोबर आहे तुमचं. आणि कायद्याच्या पुस्तकात बघाल तर दोघांना न्याय संहितेची कलमं तीच आहेत, बेदरकार चालवलं म्हणून २८१, गंभीर दुखापत म्हणून १२५, आणि माणूस गेला तर १०६, ज्यात आता ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे (जुन्या ३०४-अ मध्ये २ होती). खाकी वर्दीला सूट असं कुठेही लिहिलेलं नाही. फरक पडतो तो पहिल्या रात्री कागद कोण लिहितंय त्याने. तुमच्या भावाच्या केसमध्ये कागद लिहिणारा आणि गाडी चालवणारा एकाच पोलीस ठाण्याचे, मग "अज्ञात" येणारच.

आता हे "अज्ञात" नुसतं चिडण्यासारखं नाही, ते खिशावर पण येतं. गाडी सापडलीच नाही असं ठरलं तर ती हिट अँड रन धरली जाते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाला तर २ लाख, एवढीच ठरलेली रक्कम. गाडी कुणाची हे कागदावर आलं की मात्र ट्रिब्युनलमध्ये (मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात) उपचारांचा खर्च, बुडालेला पगार, अपंगत्व, पुढे लागणारी ऑपरेशनं असं सगळं मागता येतं. म्हणून त्या शब्दाच्या मागे लागा.

सगळ्यात आधी भावाचा पुरवणी जबाब. एफआयआर म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, जखमी माणूस शुद्धीवर आल्यावर जे सांगतो ते तपासात घ्यावंच लागतं. "जबाब घ्या" असा लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, शिक्का मारत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

मग दवाखान्यात जा. अपघाताची केस आली की कॅज्युअल्टीमध्ये एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस केस) म्हणून नोंद होते, त्यात पेशंटला कुणी आणलं आणि अपघात कसा झाला याची एक ओळ असते, डॉक्टर पेशंटला किंवा आणणाऱ्याला विचारून लिहितात. लोक एक्स-रे, बिलं, डिस्चार्ज कार्ड सगळं जपतात आणि ही ओळ कुणी वाचतच नाही. तुमच्या भावाला आणणारे तेच पोलीस होते ना, मग "ब्रॉट बाय" पुढे त्यांच्यापैकी कुणाचं तरी नाव किंवा बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) असण्याची बरीच शक्यता आहे. ती प्रत मागा. अज्ञात वाहनाच्या केसमध्ये आणणाऱ्याचा बक्कल नंबर निघाला तर पुढचं बोलणं वेगळ्याच आवाजात होतं, हे अनुभवाने सांगतेय.

तिसरं सीसीटीव्ही, आणि याला खरंच वेळ नाही. दुकानाच्या, सोसायटीच्या डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) काही दिवसांत जुनं पुसून नवं चढतं. फुटेज द्यायला दुकानदार घाबरतो (पोलिसांविरुद्ध आहे म्हटल्यावर कोण नाही घाबरणार), तर त्याला निदान "हे फुटेज जपून ठेवा" असं लेखी द्या आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लावा. त्याच अर्जात ११२ ला कॉल गेला असेल तर त्याची वेळ, त्या गाडीचं त्या रात्रीचं लॉगबुक आणि ठाण्याची स्टेशन डायरी पण जपायला सांगा. एकदा लेखी सांगितल्यावर काही गायब झालं तर पुरावा नष्ट केल्याचं न्याय संहितेचं कलम २३८ आहे, आणि कुणाला वाचवायला सरकारी नोकराने खोटं रेकॉर्ड तयार केलं तर कलम २५६.

चौथं, तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा क्राईम ब्रँचकडे द्या अशी मागणी अधीक्षकांकडे करा, कारण सरळ लिहा की ज्यांची गाडी तेच तपास करतायत. दाद लागली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे. सुप्रीम कोर्टाने २००८ च्या साकिरी वसू निकालात सांगितलंय की तपास नीट होतोय का यावर मॅजिस्ट्रेट लक्ष ठेवू शकतात. सरकारी नोकराने ड्युटी करताना केलेल्या गोष्टीबद्दल तक्रार असेल तर नव्या कायद्यात एक जादा पायरी आलीये, १७५(४), म्हणजे मॅजिस्ट्रेट आधी वरच्या अधिकाऱ्याचा अहवाल मागवू शकतात आणि त्या नोकराचं म्हणणं बघतात. सामान्य माणसाला असलं काही मिळत नाही. मला स्वतःला ही पायरी पटत नाही, पण आहे ती आहे.

आणि ते लायसन्सचं. लायसन्स नसण्याचा वेगळा दंड होईल, तो भरा. पण लायसन्स नव्हतं म्हणजे अपघातात चूक त्याचीच असं आपोआप ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येच सांगून ठेवलंय. ही धमकी सगळ्यांना दिली जाते आणि निम्मी घरं तिथेच गप्प बसतात.

प्रश्न : सायरन लावला की पोलिसांना सगळं माफ असतं का?

नाही. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनमध्ये अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस यांना सिग्नल तोडायची, वेगमर्यादा ओलांडायची मुभा आहे, पण खरोखरची इमर्जन्सी हवी आणि तेव्हाही बाकीच्यांची काळजी घेऊनच चालवायचं. साहेबांना घरी सोडायला जाताना लावलेला सायरन यात बसत नाही.

प्रश्न : आम्ही हेल्मेट नाही घातलं की फोटो काढून चलन येतं, हवालदार स्वतः बिना हेल्मेट जातात त्यांचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम २१०-ब वाचा, २०१९ च्या दुरुस्तीने आलंय. ज्यांच्यावर हा कायदा राबवायची जबाबदारी आहे त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. दुप्पट! दिल्ली वाहतूक पोलिसांनी तेव्हा आपल्या लोकांसाठी परिपत्रक पण काढलं होतं. आता हा दुप्पट दंड प्रत्यक्षात कापतं कोण, तर पुन्हा पोलीसच, त्यामुळे तारीख-वेळ-नंबर प्लेट दिसेल असा फोटो वाहतूक शाखेला लेखी तक्रारीसोबत पाठवा आणि महिन्याभराने माहिती अधिकारात विचारा की त्याचं काय झालं. नुसता व्हॉट्सॲपवर फिरवून उपयोग नाही.

प्रश्न : वडील पोलीस व्हॅनच्या धडकेत गेले. एक एजंट म्हणतो सरकारी गाडीला इन्शुरन्सच नसतो त्यामुळे भरपाई विसरा, मी ४० टक्क्यांत बघतो काय होतंय ते.

आधी त्या एजंटला घराबाहेर काढा. अर्धं खरं सांगून पूर्ण लुटायचा धंदा आहे हा.

अर्धं खरं असं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे सरकारी मालकीच्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. तुमच्या-माझ्या स्कूटीला विमा नसेल तर दंड, आणि पोलीस व्हॅन विम्याशिवाय रस्त्यावर, हो, विषमताच आहे. पण विमा नाही म्हणजे भरपाई नाही असं नाही, मग पैसे मालकाने द्यायचे आणि मालक म्हणजे राज्य सरकार. दाव्यात ड्रायव्हर आणि राज्य सरकार दोघांना पार्टी करा.

यावरचा जुना निकाल तर अगदी जीपचाच आहे. उदयपूरच्या कलेक्टरची जीप वर्कशॉपमधून दुरुस्त करून आणताना सरकारी ड्रायव्हरने फुटपाथवरच्या माणसाला उडवलं, तो गेला, राजस्थान सरकार म्हणालं आमची जबाबदारी नाही, आणि सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये विद्यावती केसमध्ये सांगितलं की आहे, खाजगी मालकासारखीच आहे. (त्यानंतर तीनच वर्षांनी कस्तुरीलाल केस आली, पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पळाला आणि तिथे मात्र कोर्ट म्हणालं की हे सार्वभौम काम (फक्त राज्यसत्ताच करू शकते असं), सरकार जबाबदार नाही! त्या निकालावर अजून टीका होते. १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने त्याची धार बरीच कमी केली आणि अपघाताच्या दाव्यात तो बचाव फारसा टिकत नाही.)

तुम्ही करायचं एवढंच की कलम १६६ खालचा दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात टाका, नंतर उशिरावर वाद घालत बसू नका. चूक कुणाची ते सिद्ध न करता मिळणारी रक्कम कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे, पण ती घेतली की मोठा दावा अडकू शकतो, म्हणून आधी वकिलाशी बोला. वडिलांचं वय, उत्पन्न आणि घरात अवलंबून किती यावर हिशोब होतो, त्याचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्या आकड्याने गुणतात तो) २००९ च्या सरला वर्मा निकालात ठरलेला आहे, तेव्हा उत्पन्नाचा जो काय कागद असेल तो आजच शोधायला घ्या. आणि एक, २०२२ पासूनच्या नियमांत तपासी अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला द्यायचा असतो. तो गेला का ते विचारा.

धडक देणारा पोलीस ड्युटीवर नव्हता आणि गाडी त्याची स्वतःची होती, तर मात्र सरकार नाही, तो आणि त्याची विमा कंपनी. अंगात वर्दी होती की नव्हती यापेक्षा गाडी कुणाची आणि काम कुणाचं हे बघितलं जातं.

प्रश्न : पोलिसाने दारू पिऊन ठोकलं तर त्याची टेस्ट कोण करणार? त्याचाच मित्र ना?

दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. कायद्यात मर्यादा सगळ्यांना तीच, १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. पण दारू रक्तात कायम बसून राहत नाही, तासातासाने उतरते, त्यामुळे टेस्ट नाकारायची गरजच नसते, नुसता उशीर केला तरी काम होतं. आणि हे फक्त पोलिसांपुरतं नाही, ज्याची ओळख आहे त्याच्यासाठी होतं. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला आलिशान गाडीने दोन तरुण इंजिनियर चिरडले गेले त्या केसमध्ये रक्ताचा नमुना घ्यायला कित्येक तास गेले, मग नमुनाच बदलल्याच्या आरोपात डॉक्टरांना अटक झाली, आणि वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. ते सुद्धा राज्यभर गाजलं म्हणून.

नागरिक म्हणून तुम्ही जबरदस्तीने कुणाचं रक्त काढू शकत नाही. पण तिथेच उभं राहून ११२ ला फोन करा आणि स्पष्ट सांगा, "ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास येतोय, तो पोलीस आहे, टेस्ट करा". तो कॉल वेळेसकट रेकॉर्ड होतो. मग चार तासांनी घेतलेल्या रक्तात काही निघालं नाही तरी चार तास कुठे गेले याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं. सोबत कुणी असेल तर त्याला ड्रायव्हरचा व्हिडिओ काढू द्या, भांडण न करता, लांबून.

निलंबनाबद्दल पण लोकांचा गैरसमज आहे. निलंबन ही शिक्षा नाही, त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो आणि विभागीय चौकशी वेगळी चालते. बातमी आली की सगळे शांत होतात, तुम्ही विचारायचं ते हे की गुन्हा दाखल झाला का आणि आरोपपत्र गेलं का. तक्रारदाराला तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं आता सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे बंधनकारक आहे.

प्रश्न : नाकाबंदीत ब्रेक उशिरा लागला आणि माझी कार पोलीस जीपला मागून घासली, बंपरला पोचा. कुणाला खरचटलं पण नाही. तरी म्हणतात "३५३ लावू, सरकारी कामात अडथळा, आत जाशील", नाहीतर आत्ता २५ हजार रोख दे. गाडी पण ठाण्यात लावलीये. ते ठोकतात तेव्हा अज्ञात वाहन आणि आम्ही ठोकलं की ३५३, वा रे न्याय.

तुमचं शेवटचं वाक्य मी शीर्षकात घेणार होते, संपादकांनी नको म्हटलं.

३५३ म्हणजे आता न्याय संहितेचं कलम १३२. त्याला सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, म्हणजे मुद्दाम केलेलं. उशिरा लागलेला ब्रेक मुद्दाम नसतो. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा पण काढून दाखवतील, त्यालाही हेतू किंवा निदान जाणीव लागते. फार तर २८१, ते जामीनपात्र आहे. पण १३२ अजामीनपात्र आहे, म्हणून धमकीला वजन येतं, आणि खरंच लावलंच तर अटकपूर्व जामिनासाठी वकील लगेच गाठा, थांबू नका.

रोख काही देऊ नका. तुमच्या विम्यात थर्ड पार्टी आहे, जीपचं नुकसान विमा कंपनीला कळवा आणि ठाण्यात लेखी द्या की नुकसानीचा दावा विम्याकडे करावा. तरीही पैशासाठी अडवत असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४.

कार मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे मोटार वाहन निरीक्षकाने तपासली आणि सोपस्कार झाले की २४ तासांत परत द्यायची असते. नाही दिली तर मॅजिस्ट्रेटकडे सुपूर्दनाम्याचा (गाडी ताब्यात मिळण्याचा) अर्ज, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच म्हटलंय की गाड्या ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नका. (कुठल्याही ठाण्याच्या मागे एकदा डोकावून बघा, त्या निकालाचं काय झालं ते दिसेल.)

प्रश्न : मी पोलीस ड्रायव्हरची बायको. तुम्ही सगळे पोलिसांना शिव्या घालता म्हणून लिहितेय. बंदोबस्तात सलग ड्युटी, झोप नाही, गाडीचे ब्रेक खराब म्हणून यांनी दोनदा सांगितलं होतं, तरी त्याच गाडीवर पाठवलं. अपघात झाला, एक म्हातारे गेले. आता गुन्हा यांच्यावर, चौकशी यांच्यावर, आणि ज्यांनी पाठवलं ते साहेब नामानिराळे. हे बरोबर आहे का?

नाही वहिनी, बरोबर नाही. आणि तुमचं पत्र मी मुद्दाम घेतलंय, कारण आपण पोलीस विरुद्ध जनता म्हणतो तेव्हा खात्यात सगळ्यात खाली बसलेला माणूस पण पहिला बळी जातो हे कुणी बोलत नाही.

पण एक कटू सांगते. थकवा आणि खराब ब्रेक यांनी गुन्हा पुसला जात नाही, गेलेल्या माणसाच्या घरच्यांना त्याने काय फरक पडतो. मात्र जबाबदारी कुणाकुणाची हे ठरवताना ते नक्की उपयोगी पडतं. ब्रेकची तक्रार तोंडी होती की मोटार परिवहन विभागाच्या रजिस्टरला, तेवढं यांना विचारा. लॉगबुकात किंवा जॉब कार्डवर "ब्रेक कमी" अशी एक ओळ जरी असली तरी तिची प्रत हवी, नसेल तर माहिती अधिकारात गाडीची दुरुस्ती नोंद आणि त्या आठवड्याचं ड्युटी वाटप मागा. तपास चालू आहे म्हणून देत नाही असं कळवतील, नुसतं तपास चालू असणं हे पुरेसं कारण नाही असं दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्ये म्हटलंय, ३० दिवसांत पहिलं अपील करा. मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात ब्रेकबद्दल काय लिहिलंय ते बघा. विभागीय चौकशीच्या उत्तरात हे सगळं लावा, आणि कोणत्या अधिकाऱ्याने, किती वाजता गाडी घेऊन जायला सांगितलं ते नावासकट लिहा. भीती वाटेल, तरी लिहा.

खटल्यासाठी मंजुरी लागते का असंही तुम्ही खाली विचारलंय. सुरक्षा संहितेच्या कलम २१८ (जुनं १९७) चं संरक्षण प्रामुख्याने ज्यांना सरकारच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही अशा वरच्या अधिकाऱ्यांना आहे, शिपाई-ड्रायव्हरला ते सहसा मिळत नाही. बघा म्हणजे, ढाल पण पदाप्रमाणे. आता त्यात सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायची तरतूद आलीये, एवढं बरं झालं.

प्रश्न : पोलीस गाडीने धडक दिल्यावर दवाखान्यात दोघे आले, म्हणाले खर्च आम्ही करतो, आणि "माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही" असं लिहिलेल्या कागदावर सही मागतायत. जबाबच आहे म्हणतात. करू का?

करू नका. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये तसं स्पष्ट आहे, त्यामुळे सही मागतायत म्हणजे तो जबाब नाही, तुमच्याकडून लिहून घेतलेला अर्ज आहे, जो उद्या ट्रिब्युनलमध्ये तुमच्यासमोर ठेवतील. (फिर्यादीवर, म्हणजे एफआयआरवर, सही लागते, ते वेगळं.) उपचाराचा खर्च देत असतील तर दवाखान्याच्या खात्यावर भरू द्या, पावती तुमच्याकडे ठेवा. आणि आधीच सही झाली असेल तर आजच अधीक्षकांना लिहा की मी औषधांच्या गुंगीत होतो, मजकूर वाचून दाखवला नाही, माझी तक्रार आहे, त्याला त्या दिवसाच्या औषधांचा चार्ट जोडा, इंजेक्शनच्या वेळा त्यावर असतात.